मागे घेतलेला राजीनामा

लहान मुलांना माझ्या आतेभावाइतकं घाबरणारा माणूस अख्ख्या नाशकात सापडायचा नाही. पोलिसांना तो कधी भ्यायला नाही, पाळणा दिसला की मात्र त्याचा चेहरा पडतो. तरुणपणी दादाने जात आणि हुंडा गाडण्यासाठी एक मंडळ काढलं आणि घटनेत पहिलंच कलम घातलं: समाज बदलेपर्यंत सभासदांनी मूल होऊ द्यायचं नाही. आम्ही अठरा जणांनी टाळ्या वाजवून ते मंजूर केलं. समाज साधारण दोन वर्षांत बदलेल असा आमचा अंदाज होता.

पुढे एकेकाच्या घरी पाळणा हलत गेला आणि मंडळ ओसरत गेलं. दादा प्रत्येक बारशाला हजर असायचा, घुगऱ्याही मागून घ्यायचा, पण नाव काय ठेवलं ते विचारायचा नाही. त्याच्या लेखी सगळ्या मुलांचं नाव एकच. "काय म्हणतो तुझा राजीनामा? दात आले का?" हरसूलच्या सभासदाला जुळं झालं तेव्हा म्हणाला, "एक पुरला असता रे!" माझी मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात येऊन त्याने माझं सभासदपत्र परत घेतलं आणि जाताना दुपट्यांची पिशवी उशाशी ठेवून गेला. दुपटी त्याने स्वतः शिवली होती, मंडळाच्या जुन्या कापडी फलकांची. माझी लेक कित्येक महिने पाठीवर 'हुंडा' घेऊन झोपायची. 'हटवा' दुसऱ्या दुपट्यावर गेलं होतं.

त्याच्या समोरच्या घरात भजनी मंडळ आहे. तिथे सासू, सून, नातवंडं, सगळी टाळ घेऊन बसतात. "ते पोरं वाढवतात, आपण विचार वाढवतो," दादा म्हणायचा. "विचार सतरंज्या उचलत नाहीत, दादा," मी म्हणायचे. माझी पन्नाशी उलटल्यावर, 'आता धोका टळला' म्हणून त्याने मला परत सभासद करून घेतलं.

वार्षिक सभेला चार माणसं नसतील तर मंडळ बरखास्त, हेही त्यानेच लिहून ठेवलेलं. आम्ही चौघंच उरलो होतो. यंदा सटाण्याच्या मास्तरांचे गुडघे आड आले, चौथे गेल्या वर्षीच वारले. मला सोडायला आलेली लेक दारात उभी होती. अंबडच्या कंपनीत इंजिनिअर आहे ती.

"मामा, मला धरा की."

"तू राजीनामा आहेस."

"मग मागे घ्या. राजीनामे मागे घेता येतात."

दादाने चष्मा पुसला. "तरी तीनच होतात."

त्याने वही मिटत आणली. मग त्याची नजर तिच्या पोटाकडे गेली.

"कितवा?"

"सातवा."

वही पुन्हा उघडून त्याने लिहिलं, 'उपस्थिती: चार.' पहिलं कलम माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी पाणी प्यायले.

भाषणाला दादा उभा राहिला की एरवी समोरचे टाळ थांबतात. त्या दिवशी मला दोन हातांवरूनही नीट ऐकू येईना. "दादा, जरा मोठ्याने."

"हळू. चौथा सभासद झोपला असेल."

सभा संपल्यावर सतरंजीचं एक टोक त्याने धरलं, दुसरं मी. एवढीशी सतरंजी, पण घडी घालायला त्याने बराच वेळ लावला. मीही घाई केली नाही.