रबराचे पट्टे

मावशीला राग आला की ती बोलायची नाही, घासायची. पण त्या दिवशी घासायला हातात काही नव्हतं, आणि मालक गिऱ्हाइकासमोर सांगत होता, "बाराही पेले हिच्याच हातात होते. बदलले असतील तर हिनंच."

एकवीस वर्षं मावशी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत चांदी उजळत होती. बोटं काळी झाली, पण कणभर चांदी कधी घरी गेली नाही. आणि हा माणूस ना विचारपूस, ना काही, सरळ चोर ठरवून मोकळा.

गिऱ्हाईक बाईंनी इथूनच उजळून नेलेला पेला पुढे केला. मधोमध दोन काळे पट्टे. "खरी चांदी अशी काळी पडते होय?"

"खरीच पडते, ताई," मावशी म्हणाली. "स्टील पडतं का कधी? हवेतला गंधक चांदीला धरतो, आणि ती अशी काळी पडते. पण हवेनं झालं असतं तर अख्खा पेला काळवंडला असता. पट्टेच का पडले?"

मालक छताकडे बघायला लागला.

"मी कागदात गुंडाळून सुती नाडीनं बांधायची. मागच्या महिन्यात कोण म्हणालं, गाठी मारत बसू नकोस, रबर लाव? तेव्हाच सांगितलं होतं, रबरात गंधक असतो, कागदातूनही डसतो. तर म्हणे, शहाणपण पुरे."

"बरं, आता घासून टाक म्हणजे झालं."

"घासलं की चांदी झिजते. मग तीही मीच चोरली म्हणाल."

तिनं टबात अॅल्युमिनियमचा कागद अंथरला, त्याला टेकवून पेले ठेवले, सोडा टाकला, वर उकळतं पाणी. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. बाईंनी नाक दाबलं, पण नजर हलेना. पट्टे विरत चालले होते.

"गंधक चांदीला सोडून त्या कागदाला धरतो," मावशी म्हणाली. "चांदी जागच्या जागी."

अकरा पेले लख्ख निघाले. बारावा तिनं हातातच धरला.

"टाक की," मालक म्हणाला.

"आधी मघाचं बोलणं मागे घ्या."

"अगं, किती मनाला लावून घेतेस."

"पाणी गार होतंय."

मालकानं घसा खाकरला. "चूक माझीच होती," तो टेबलाकडे बघून म्हणाला.

"चोर म्हणालात ते टेबलाला नाही ऐकवलंत. ताईंकडे बघून बोला."

तो बोलला. अगदी शब्दन्‌शब्द.

मावशीनं पेला पाण्यात सोडला आणि रबरांची पिशवी उचलून कचऱ्यात टाकली.