प्रश्न तिला होता

११ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. पत्नीला घेऊन मी आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या पंचवटीतील दवाखान्यात शिरलो, तो उपचारासाठी कमी आणि तपासणीसाठी अधिक. चौतीस वर्षे मी सरकारी नोकरीत शाळा तपासल्या. कामचुकारपणा कोठे दडतो, ते मला कळते. दोन महिने पत्नीला अधूनमधून घेरी येत होती. एकदा ती ओट्यापाशी कोसळली. कपाळाला तीन टाके पडले. मधुमेहाच्या गोळ्या बदलून झाल्या, रक्त तपासून झाले. डॉक्टरीणबाई दर वेळी तेच प्रश्न विचारीत. यांना काही कळत नाही, किंवा कळूनही सांगत नाहीत, असा माझा संशय होता. पूजा मी रोज करीत होतो. परंतु त्या दिवसांत देवाबद्दलही माझे मत फारसे निराळे नव्हते. आज समाधान झाले नाही, तर हा दवाखाना सोडायचा, असे ठरवून मी वही उघडली.

प्रतीक्षा वीस मिनिटे. पंखा चालू, पाण्याच्या पिंपावर झाकण नाही. आत गेलेला रुग्ण चार मिनिटांत बाहेर. चार मिनिटांत काय तपासले असेल? पत्नीच्या प्रत्येक घेरीची तारीख आणि वेळ मी मिनिटासह टिपली होती. तो कागद पुरावा म्हणून पुढे ठेवायचा होता.

पत्नीच्या पलीकडे एक बाई बसली होती. हिरवे लुगडे, मांडीवर कापडी पिशवी. ती मघापासून पत्नीकडे टक लावून पाहत होती. मी वहीत तेही टिपले.

"माय, तुना हात थरथरी ऱ्हायना," ती एकाएकी म्हणाली. बोली सटाण्याकडची होती. "आज मंगळवार. उपास शे का?"

मी म्हणालो, "नाही. ती उपास करीत नाही."

बाईने माझ्याकडे पाहिलेही नाही. "मी त्यासले नही इचारं. माय, तू सांग."

पत्नीने मान खाली घातली. "आहे गं," ती पुटपुटली. "पाण्यावरच."

बाईने पिशवीतून शेंगदाणा-गुळाचा लाडू काढला. "उपासले चालस. खाय."

अनोळखी माणसाकडचे काही खाऊ नये, असे मी बजावले. तेव्हा ती माझ्या वहीकडे पाहून म्हणाली, "बाबा, तुम्ही पोलीसमा व्हतात का?" समोरचे दोघे हसले. पत्नीने लाडू घेतला. तिच्या ओठांवर घाम आला होता, हे मला तेव्हा दिसले. मी पिंप तपासले होते. तिचा चेहरा तपासला नव्हता.

आत डॉक्टरीणबाईंनी तिच्या बोटाला सुई टोचली आणि यंत्राकडे पाहून त्या गंभीर झाल्या. "साखर अजूनही खाली आहे. गूळ पोटात गेला नसता, तर आजी आत चालत आल्या नसत्या." मग त्यांनी माझा कागद हातात घेतला, भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिला आणि परत दिला. "आजोबा, हे सगळे मंगळवार आहेत."

तारखा मी लिहिल्या होत्या, वार लिहिले नव्हते.

मधुमेह निघाला तेव्हाच मी घरातील उपास बंद केले होते. बंद केले म्हणजे बंद झाले, असे मी धरून चाललो. प्रत्यक्षात मंगळवारी ती सकाळची गोळी घेत होती आणि ताट मात्र मी वाचनालयात गेल्यावर झाकून ठेवीत होती. "तुमच्या ऑपरेशनच्या वेळी वणीच्या देवीला बोलले होते, एकवीस मंगळवार," ती म्हणाली. "तुम्ही रागावला असता."

"तीनदा विचारलं मी, उपास करता का म्हणून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे खरे होते. तिन्ही वेळा उत्तर मी दिले होते. प्रश्न तिला होता.

त्यांनी गोळी बदलली आणि पाण्यावरचा उपास मना केला. "दूध, फळं घेऊन करा आजी. देवी काही माझ्याकडे तक्रार घेऊन येणार नाही." पत्नी बऱ्याच दिवसांनी हसली. मी डॉक्टरीणबाईंना हात जोडले आणि तिन्ही वेळा चुकीचे सांगितल्याबद्दल क्षमा मागितली.

बाहेर आलो तर बाई नव्हती. कंपाउंडर म्हणाला, "त्यांचा नंबरच नव्हता. बस यायला वेळ होता, म्हणून सावलीला टेकल्या होत्या." मी रस्त्यापर्यंत जाऊन पाहिले. नावही विचारले नव्हते. ती कोण होती, यावर मी तर्क लढवीत नाही. मंगळवारी आली, एवढे नोंदवतो. देवापुढे डोके टेकले की शरण गेलो, असे मी आयुष्यभर समजत आलो. दुसऱ्याच्या तोंडचे उत्तर त्याच्याच तोंडी राहू देणे त्याहून कठीण आहे. ते मला सत्त्याहत्तराव्या वर्षी शिकवले गेले, याबद्दल मी ऋणी आहे.

संध्याकाळी उपास सोडायला काय करू, असे पत्नीला विचारले आणि उत्तर येईपर्यंत थांबलो. ती म्हणाली, मुगाची खिचडी. मी डाळ-तांदूळ धुतले, कुकर लावला आणि तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद केला.