सगळे पुढे या, तोंड उचललंय

मी चौथीपर्यंत शिकलो, तीही पुरती नाही. पण हयात ट्रॅक्टरवर गेली, तेव्हा यंत्राचं मला कुणी शिकवू नये.

हैदराबादेहून लेकीला भेटून आम्ही दोघं जळगावला विमानानं परत येत होतो. बायको बसायला तयार नव्हती. मीच छातीठोक म्हणालो, "तुला घरी सुखरूप पोचवणं माझ्याकडे लागलं." ती धुळ्याकडची. दुसऱ्यानं दिलेला शब्द विसरत नाही, हा तिचा मोठा दोष.

जळगावचा मेहरूण तलाव खाली ताटलीएवढा दिसला. आता उतरणार. विमानाच्या पंखाला मागच्या कडेला पट्ट्या असतात, उतरताना त्या खाली झुकतात. जाताना मी ते नीट बघून ठेवलं होतं. या वेळी घुर्र आवाज झाला, बंद पडला, आणि पट्टी होती तिथंच. मग विमान पुन्हा वर चढायला लागलं.

"काय व्हयनं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. खाली रस्त्यात म्हैस आली असेल."

तेवढ्यात विमानातली बाई आली आणि मराठीतच समजावून सांगू लागली. पंखांच्या पट्ट्या अडकल्या आहेत, त्यामुळे वेग कमी करता येत नाही. जोरातच उतरावं लागेल, जळगावची धावपट्टी त्याला पुरणार नाही, म्हणून मुंबईला जाऊ. बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाले माहीत व्हतं?"

"नाही," म्हटलं. "पण हे नेहमीचंच असतं." मी दुसऱ्यांदाच विमानात बसलो होतो.

तिनं डोळे मिटले आणि माझं मनगट धरलं. बांगड्या रुतल्या तरी सोडीना.

मुंबई आली. विमान नाक वर करूनच खाली चाललेलं. ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. केळीनं भरलेली ट्रॉली चढावर ओढताना ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, तेव्हा आम्ही चार माणसं पुढे बसवतो. मी कमरेचा पट्टा सोडला, उभा राहिलो आणि मागं वळून ओरडलो, "सगळे पुढे या रे, तोंड उचललंय."

बाकी विमान माझ्याकडे बघत राहिलं. पण मागच्या रांगांत सावद्याचे सहा-सात केळीवाले होते. त्यांना लगेच समजलं. खटाखट पट्टे सोडून उठले.

"बसा, आजोबा. पट्टा लावा," बाई तिच्या जागेवरून गरजली.

"बाई, तुम्ही कधी ट्रॅक्टर चालवलाय?"

"नाही. तुम्ही कधी विमान चालवलंय?"

सावदेकरांतला एक खाली बसत म्हणाला, "आबा, बाईचं बरोबर आहे हो." कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा, तिसरा, मग अख्खं विमान. मी बसलो. हार मानली नाही, नुसता बसलो.

खिडकीबाहेर घरं सपासप मागं पळत होती. चाकं दणकन टेकली, पुन्हा टेकली, सगळे पुढं फेकले गेले, रबर जळल्याचा वास आला आणि विमान थांबलं. टाळ्या पडल्या.

"उतरलो बघ," मी म्हणालो.

"खोटं," बायको म्हणाली. डोळे मिटलेलेच. "सकायपासून खोटंच बोली राह्यनात."

तशीच तिला धरून जिना उतरवला. पाय जमिनीला लागले तरी पटेना. म्हणे, "जमिनले हात लाईसन दखाडा."

मी कुणापुढे वाकणारा माणूस नाही. पण आगीच्या बंबावरची माणसं बघत असताना त्या तापलेल्या सिमेंटवर फतकल मारून बसलो आणि दोन्ही हातांनी थाप मारली. तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा. माझ्या शेजारी बसून तिनंही थाप मारून पाहिली. आणि आम्ही दोघं असे हसलो की बंबावरचा एक जण धावत आला, कुणाला लागलंय का विचारायला.

"लागलं नाही," मी म्हटलं, "खात्री चाललीये."

बायको पदरानं डोळे पुसत उठली. लांबवर उंच इमारती दिसत होत्या, त्यांच्याकडे तिनं नीट पाहून घेतलं.

"हाई तं मुंबई शे," ती म्हणाली. "घर कोठे शे?"