टायमरवरचा दीड तास

व्यंकटमामा दुधाच्या टाकीत उतरले होते आणि पॅनलवरचा आकडा मला खटकत होता.

लोहाऱ्याजवळच्या एका डेअरीत मी इलेक्ट्रिशियन आहे. टाकी कॉस्टिकनं धुतात. कॉस्टिक म्हणजे कातडी सोलवटून काढणारं उकळतं क्षाराचं पाणी. त्याआधी मामा आत उतरून तळाचा थर ब्रशनं घासतात. माणूस आत असताना वीज तोडायची असते. पण बाहेर टँकर खोळंबला होता. "दीड तासाचा टायमर लावू, कॉस्टिकचा पंप आपोआप सुरू होईल," म्हणत मॅनेजर साहेबांनी स्वतःच १.३० टाकलं. आपल्याकडे दीड तास सगळे असाच लिहितात. एसटीच्या पाटीवरसुद्धा साडेआठ म्हणजे ८.३०.

मामा अकराला आत गेले. पंप साडेबाराला सुरू व्हायचा. बारा वाजून दहा मिनिटांनी पाहिलं, तर बाकी वेळ ०.१३. घड्याळाप्रमाणे वीस मिनिटं हवी होती. मी तिथंच थांबले. मिनिट सरायच्या आत ०.११ झालं.

यंत्र परदेशी. ते मिनिटं मोजत नव्हतं, तासाचे शंभर भाग करत होतं. त्याच्या हिशेबानं १.३० म्हणजे जेमतेम सव्वा तास आणि वर तीन मिनिटं.

मी टायमर थांबवला.

"मामा, वर या."

"येळ हाय की, ताई. एक कोपरा ऱ्हायलाय."

"राहू द्या. आधी वर या."

साहेब धावत आले. "कुणी थांबवलं? टँकरवाला माझ्या डोक्यावर बसलाय. वीस मिनिटं आहेत अजून."

"नाहीत, साहेब."

मामांचे गुडघे धरलेले, टाकीचं तोंड अरुंद. दंडाला धरून मी त्यांना ओढलं. झाकण लावलं.

"आता चालू करते. तुम्ही घड्याळ बघा."

"बघतो. साडेबारापर्यंत इथंच उभा राहतो," साहेब तोऱ्यात म्हणाले.

मध्ये टायमर थांबवला होता, तरी मिनिटकाटा पाचावर पोचायच्या आतच पंप गुरगुरला. टाकीत उकळतं पाणी कोसळलं. पत्रा थरथरू लागला. साहेबांचा चेहरा पांढरा पडला.

मामा ब्रश हातात धरून टाकीकडं बघत राहिले. "म्या तर साडेबारा धरूनच घासत व्हतो," ते म्हणाले.

आता कुणी आत उतरणार असलं की मी मेन स्विच पाडते, त्याला कुलूप घालते आणि किल्ली उतरणाऱ्याच्याच खिशात टाकते. टँकर थांबतो.