मामाजींनी लादलेलं विमान

विमान पडलं ते माझ्या डिंकाच्या लाडवांमुळे, असं माझा नवरा अजून म्हणतो. साफ खोटं आहे. लाडू चांगले हलके झाले होते. दोष होता मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, लादण्याचा.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनचार वर्षं झाली असतील. पांढरकवड्याजवळच्या आमच्या बंजारा तांड्यावर कपाशीला औषध फवारायला एक इवलंसं विमान आलं, एका माणसापुरतं. मामाजींच्या पडीत वावरात ते उतरायचं आणि पायलट आमच्या ओसरीवर जेवायचा. पोरगा नागपूरचा. आधी लाजायचा, मग भाकरीवर तूप मागून घेऊ लागला.

नागपूरलाच माझी नणंद होती. तिनं आपल्या मनानं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून मामाजींनी तिचं नाव टाकलं होतं. नेमका त्याच आठवड्यात ती बाळंत झाल्याचा निरोप आला. मामाजी दिवसभर बैलांवर खेकसत राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, "सूनबाई, हे इमान नागपूरले चाललं ना? मंग लाडवाचं पाह्य."

"तुमीच काहून नाही जात, मामाजी?"

"मी कायले जाऊ? सामान जाईन."

मला असा राग आला! पण लाडू वळले.

पायलट एक पिशवी न्यायला कबूल झाला होता. निघायच्या दिवशी तो आत पुरणपोळी जेवत असताना मामाजी विमानाशी गेले. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर फिरणारे. दोन्ही बाजूंचं ओझं सारखं बसलं पाहिजे, हे मामाजींच्या हाडात मुरलेलं. खुर्चीमागची फळी उघडून त्यांनी डावीकडे तुपाचा डबा ठेवला, उजवीकडे गुळाची भेली. इकडे तुरीच्या डाळीचं पोतं, तिकडे ज्वारीचं. वरून लाडू. मग जरा मागे सरून, डोळे बारीक करून पाहिलं आणि खूश झाले. डावं-उजवं अगदी बरोबर होतं. सगळं ओझं शेपटाकडे गेलंय, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. बैलाला उडायचं नसतं.

पायलटनंही फळी उघडून पाहिली नाही. पुरणपोळी अंगात भिनली होती.

विमान धावलं, उठलं. सारा तांडा आनंदानं ओरडला. बांधावरच्या बाभळीवरून ते कसंबसं गेलं आणि मग त्याचं तोंड वर नि शेपूट खाली व्हायला लागलं. घोडं मागच्या पायांवर उभं राहतं तसं. पुढच्या क्षणी ते शेजारच्या कपाशीत धप्पकन बसलं.

सगळ्यांच्या आधी मामाजी पोचले. एक पंख मोडला होता, पायलटचा पाय मोडला होता, पण जीव शाबूत होता. अंगभर तूप. "काका, पीछे क्या रख दिया था?" त्यानं कण्हत विचारलं. मामाजी सगळ्यांसमोर रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

आपल्यापायी जखमी झालेल्या पाहुण्याला त्याच्या गावी पोचवणं भागच होतं. मोठ्या सडकेवर नागपूरचा ट्रक थांबवला. नवरा विमानाची राखण करायला राहिला, मी मामाजींसोबत गेले. वाटभर त्यांनी तो पाय मांडीवर धरला होता. पोरगा कळवळायचा आणि वरून मामाजींनाच हसवायचा, "काका, अगली बार बैलगाड़ी से भेजना!"

नागपूरच्या दवाखान्यात त्याच्या आईला बोलावून त्याला तिच्या हवाली केलं. बाहेर आल्यावर मामाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "पत्ता आहे का तुह्याजवळ?"

मला तो तोंडपाठ होता.

नणंदेनं दार उघडलं, बाळ खांद्यावर. मामाजींच्या धोतराला गूळ चिकटलेला, डोक्यावरचा फेटा कुठे पडला ते ठाऊक नाही. आयुष्यात ते कुणाच्या दारी रिकाम्या हातानं गेले नव्हते. दोन्ही तळवे पुढे करून तिला दाखवत म्हणाले, "बाई, सामान वाटेत सांडलं."

तिनं त्या हातांत बाळ ठेवलं.