यांचे बुडबुडे

नऊ फेब्रुवारी, सोमवार. काम : दोन अंगभर रबरी वेटसूट, दोन मास्क, दोघांचे पायाला लावायचे फिन्स आणि रबरी बूट गोड्या पाण्यातून काढणे. सकाळी सिकंदराबादला गाडीतून उतरलो, काचीगुड्याला घरी आलो आणि चहाच्याही आधी मी बादल्या भरल्या. समुद्राचं मीठ रबरात वाळलं की रबर खराब होतं. रात्रभर गाडीत झोप नव्हती, पाठ धरली होती. समुद्रात खोल बुडी मारल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं, म्हणून गाडी. आणि गाडीत वरचा बर्थ मला, कारण यांचे गुडघे दुखतात.

विशाखापट्टणमच्या किनाऱ्यापासून थोडं आत, समुद्राच्या तळाशी एक जुनं मालवाहू जहाज आडवं पडलेलं आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून ते बघायला लोक खाली जातात. आम्ही तिथे कितीदा तरी गेलो. ते जहाज कसं दिसतं असं मला कोणी विचारलं, तर सांगता येणार नाही. मी खाली जाते आणि आमच्या यांचे बुडबुडे बघत राहते.

त्याचं कारण असं. हे परभणीकडच्या शेतातल्या विहिरीत पोहायला शिकले. तिथे शहाणा तो, जो श्वास रोखून सगळ्यात जास्त वेळ तळाशी राहतो. टाकी लावली की नियम उलटा होतो : श्वास कधीही रोखायचा नाही. खाली फुप्फुसात भरलेली हवा वर येताना फुगते. तिला वाट दिली नाही तर फुप्फुस फाटतं. शिकवणाऱ्या मुलाने हे इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालं. यांनाही पाठ आहे. पण पाण्यात गेलं की विहीर आठवते. वर आणखी काटकसर. श्वास रोखला की टाकीतली हवा उरते, आणि बोटीवर आल्यावर सगळ्यांना दाखवता येते. "बघा, तुमची संपत आली, माझी अजून निम्मी!"

शिकवणारा तेलुगू आहे, आमच्याशी हिंदीत बोलतो. पहिल्याच खेपेला त्याने मला बाजूला घेतलं. "आंटी, आप जहाज मत देखो, अंकल को देखो. बुलबुले बंद, तो धक्का मारो."

तेव्हापासून मी धक्के मारते आहे.

काल सकाळी जहाजाच्या पोटात एक भला मोठा मासा उभा होता. बुडबुड्यांनी तो पळेल म्हणून यांनी श्वास रोखला. छाती भरलेली, त्यामुळे अंग हलकं होऊन हे वर उचलले जायला लागले. तरी नजर माशावर आणि बुडबुडे बंद. शिकवणारा इतर दोघांना घेऊन पुढे गेला होता. मी यांचा घोटा पकडला, खाली ओढलं आणि पोटात कोपर हाणलं. भसकन हवा सुटली. मासा गेला. हे माझ्याकडे रागाने बघत होते.

बोटीवर शिकवणाऱ्याने विचारलं, "सब ठीक?" यांनी हो म्हणून माझ्याकडे पाहिलं. आणखी एकदा श्वास रोखला तर समुद्रात नेणार नाही, हे त्याने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. मीही मान हलवली.

आता मी बादलीपाशी, हे दाराच्या चौकटीला टेकून.

"पुढच्या महिन्यात जायचं का? समुद्र शांत असेल."

"आधी ते बूट उलटे करा."

"तू त्याला सांगणार नाहीस ना?"

"काय?"

"तेच."

"तुम्ही मरता मरता राहिलात, ते?"

"मरतोय कशाला! विहिरीत मी..."

"विहिरीत पाठीवर टाकी नव्हती."

यांनी एक बूट उचलून उलटा केला. मग म्हणाले, "त्याने बंद केलं तर मी दिवसभर करू काय? तुझ्या शेंगा निवडू?"

"निवडा की. गवार आणून ठेवलीय."

बोलले चेष्टेत, पण प्रश्न खरा होता. रिटायर झाल्यावर हे वर्षभर खुर्चीत बसले. दुपारपर्यंत पेपर, मग टीव्ही, मग शुगर वाढली म्हणून डॉक्टर. बोलणं हौ आणि नक्को एवढ्यावर आलं होतं. मुलीने सिकंदराबादच्या पोहायच्या तलावावर टाकी लावून बुडी मारायच्या कोर्सला यांचं नाव घातलं, सोबत म्हणून माझंही. त्यानंतर हा माणूस जेवताना बोलायला लागला. सांगितलं तर खुर्ची. नाही सांगितलं, तर कधीतरी माझी नजर दुसरीकडे जाईल. मला दोन्हींचा कंटाळा आला होता. ऑफिस सांभाळून या वयात आणखी एका माणसाचा श्वास मोजायचा, हे काही मी मागून घेतलं नव्हतं.

मी सूट गॅलरीच्या कठड्यावर टाकले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर पाहिलं.

"भाभी, वो कौन लटकरा? दम निकल गया मेरा!"

"हमारे साहब. धोके सुखा रई."

"अच्छा है. निचोड़े भी क्या?"

बऱ्याच दिवसांनी मी हसले. यांनाही आतून ऐकू गेलं असावं, पण हसले नाहीत.

मंगळवारी सकाळी डबा भरून झाल्यावर मी शिकवणाऱ्याला फोन लावला. पाठीमागे सांगायचं नव्हतं, म्हणून यांच्यासमोर, स्पीकरवर. मासा, घोटा, कोपर, सगळं सांगितलं. परवा मी खोटी मान हलवली, तेही. मग तो म्हणाला, "अंकल, समंदर अभी बंद. पहले पूल में पूरा कोर्स फिरसे. वहाँ का सर बोलेगा, तब आना. आंटी, आप भी साथ में..."

"आंटी नहीं आएगी," मी म्हटलं. "आगे अंकल को तुम देखना."

"हौ," हे फोनकडे बघत म्हणाले.

यांचा सूट मी दारामागच्या खिळ्याला अडकवला, तलावावर जाताना हाताशी येईल असा. माझ्या सुटाची घडी घातली. घडी घालू नये म्हणतात, रबराला मोड पडते. पडू दे. स्टूल घेऊन तो माळ्यावर टाकला, गवारीची पिशवी यांच्या खुर्चीजवळ ठेवली आणि डबा घेऊन जिना उतरले.