उणकलच्या मामांनी निवडलेला प्लेयर

माझ्या बायकोच्या मामांइतका हट्टी माणूस हुबळी-धारवाडात दुसरा नाही, आणि असलाच तर मामांशी वाद घालून तो एव्हाना मऊ पडला असेल. तारिहाळच्या एका कारखान्यात जन्मभर यंत्रं दुरुस्त करून ते निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःला लिनक्सला, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणाऱ्या त्या फुकटच्या प्रणालीला, वाहून घेतलं. लोकांनी अडगळीत टाकलेल्या कॉम्प्युटरवरही सुरळीत चालेल, मराठी आणि कानडी दोन्ही दाखवेल, अशी लिनक्सची स्वतःची आवृत्ती ते तयार करतात आणि मागेल त्याला, बऱ्याचदा न मागेल त्यालाही, फुकट देतात. जुनी माणसं जानव्याला किल्ली बांधत. मामांच्या जानव्याला पेनड्राइव्ह असतो. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत मामा गायब झाले. अक्षता पडून गेल्यावर सापडले ते कार्यालयाच्या मॅनेजरच्या खोलीत, त्याच्या कॉम्प्युटरपुढे, सदऱ्यात हात घालून जानवं ओढत. "व्हायरसनं भरलेला होता हो," ते म्हणाले, "आशीर्वाद काय, नंतर देता येतो की."

पण त्यांचा खरा उत्साह मी पाहिला तो नव्या आवृत्तीत गाणी वाजवणारा प्रोग्राम कोणता घालायचा हे ठरत होतं तेव्हा. असे प्लेयर लिनक्सवर पैशाला पासरी. तुम्हीआम्ही पहिला दिसेल तो घालून मोकळे झालो असतो. मी तसं सुचवलं तर मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "डिफॉल्ट म्हणजे काय समजलात जावईबापू? ज्याला स्वतः निवडता येत नाही, त्याच्यासाठी आपण निवडून ठेवलेलं. मग ते नीट निवडायला नको काय?"

निवडता न येणारं ते माणूस कोण, हे मला ठाऊक होतं. मामांच्या थोरल्या बहिणीला सगळे अक्काच म्हणतात. अक्का धारवाडात एकट्या राहतात. आयुष्यभर त्यांनी गाण्याच्या शिकवण्या केल्या आणि म्हातारपणी काचबिंदूनं दृष्टी गेली. त्यांच्या गुरूंच्या, मैत्रिणींच्या मैफली मामांनी कॅसेटींवरून कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या होत्या, पण त्या लावायला मामाच लागत. रोज दुपारी चारला उणकलहून बस पकडून ते धारवाडला जात आणि गाणं लावून देत. एखाद्या दिवशी जमलं नाही की अक्का मुकाट्यानं बसून राहत. "शेजाऱ्यांना हाक मारायला लाज वाटते रे तम्मा," असं त्या एकदा या धाकट्या भावाला म्हणाल्या होत्या, आणि ते मामांच्या मनाला फार लागलं होतं.

म्हणून मग दर रविवारी सकाळी मामांच्या घरी निवड समिती बसू लागली: मामा, धारवाडचे एक वकील, जुन्या हुबळीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक कारागीर, आणि उप्पिटासाठी मी. यादीत तीन प्लेयर, एका रविवारी एक तपासायचा असा बेत. दुसऱ्या कुठल्याही गावात हे काम तासाभरात उरकलं असतं. गाणं लावायचं, थांबवायचं, पुढे न्यायचं, शेरा लिहायचा. पण ही धारवाडी माणसं. विलंबित ख्याल सुरू झाल्यावर तो मध्येच थांबवायचं पाप कोण करणार? थांबवायचं बटण चालतं का हे बघायला कुणाचा हात पुढे गेलाच, तर मामाच "सुम्म कूड्री" म्हणून त्याला गप्प बसवत. द्रुत संपेपर्यंत उप्पिट निवून जाई, वकील डोळे पुसत, आणि वहीत शेरा पडे: "तोडी उत्तम." तीन महिन्यांत सकाळचे सगळे राग तपासून झाले, प्लेयर एकही नाही.

शेवटी आवृत्ती बाहेर पडायला एकच रविवार उरला, तेव्हा मामा अक्कांनाच रिक्षात बसवून घेऊन आले. त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि सरळ स्क्रीन बंद केला. "आता आपण सगळे अक्काच्या बरोबरीचे," ते म्हणाले. वकिलांचा लाडका प्लेयर मोठा देखणा, गायकांचे फोटो दाखवणारा. स्क्रीन गेल्याबरोबर माउस कुठे न्यावा हे वकिलांनाही कळेना. कारागिराचा प्लेयर चपळ होता, पण बंद करून उघडला की पहिल्यापासून सुरू होई. "पुन्हा आलापी? मी द्रुतापर्यंत आले होते की," अक्का म्हणाल्या आणि तोही बाद झाला. उरला तिसरा. दिसायला सरकारी अर्जासारखा, म्हणून आम्ही त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बाणाचं बटण दाबलं की तो रागाचं नाव बोलून दाखवी, स्पेसबार दाबला की गाणं लावी. अक्कांनी "जौनपुरी" ऐकलं, स्पेसबार चाचपला आणि दाबला. गाणं लागलं. आम्ही माना डोलवायला लागलो, तोच त्यांनी भर तानेत स्पेसबार पुन्हा दाबला. वकिलांच्या तोंडून "अरेरे" निघालं. अक्कांनी प्लेयर बंद केला, उघडला, नाव शोधून गाणं पुन्हा लावलं, तर तान तुटली होती तिथूनच उचलली गेली आणि समेवर आली.

मामा उड्या मारू लागले. सत्तरीचा माणूस, हातात उप्पिटाची ताटली, आणि खोलीभर उड्या. वकील कारागिराला मिठी मारून बसले. अक्का मात्र शांत होत्या. "बाजूला हो तम्मा," त्या म्हणाल्या, "मला लावू दे." दुपारपर्यंत त्यांनी कितीतरी गाणी लावली आणि एकही पुरतं ऐकलं नाही. नुसतं लावायचं, थांबवायचं, पुढचं लावायचं. माझे डोळे भरून आले, आणि मी उप्पिट आणायच्या निमित्तानं आत गेलो.

तोच प्लेयर घालून आवृत्ती बाहेर पडली. मामांची रोजची खेप सुटली म्हणून मला बरं वाटलं होतं. पण दुपारी चारला मामा अजूनही बसस्टॉपवर दिसतात. विचारलं तर म्हणतात, "अपडेट बघून येतो की." मध्यंतरी एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो. अक्कांच्या फाटकाबाहेरच गाणं ऐकू येत होतं, चांगलं रंगात आलेलं. मामांनी फाटकाची कडी काढली, तिचा आवाज झाला आणि आतलं गाणं चटकन थांबलं. "तम्मा, आलास काय? बरं झालं," अक्का म्हणाल्या. "बघ की जरा, केव्हाची बसलेय, लागेना झालंय." मामांनी चपला काढल्या, हात पुसले, अक्कांच्या शेजारी बसले आणि स्पेसबार दाबला.